पोकळी भरली आणि बर्फ बुडाला

त्या वर्षी ऊन असं कडक होतं की कावळे छपरावर एका पायावर उभे राहायचे आणि पोळायला लागलं की पाय बदलायचे. खोटं वाटत असेल तर वाटू दे. मी घड्याळ लावून बघितलंय, दर चार मिनिटांनी.

अशा उन्हात आमच्या वन्संनी बर्फावर धडा घ्यायचं ठरवलं. वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, माझी नणंद. मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. मी त्याच प्रयोगशाळेत मदतनीस होते. नळ्या धुवायच्या, बरण्या भरायच्या, सांडलेलं पुसायचं. घरी मी वहिनी आणि त्या वन्सं. शाळेचं फाटक ओलांडलं की त्या बाई आणि मी "अहो, जरा इकडे या." संध्याकाळी फाटकाबाहेर पाऊल टाकलं की परत वहिनी. माझी जीभ रोज दोनदा ठेचकाळायची.

वन्संची नोकरी दोन वर्षांच्या बोलीवर होती आणि ती दोन वर्षं संपत आली होती. तपासनीस येणार, एक धडा बघणार, आणि मग ठरणार, कायम की घरी. आणि घरी म्हणजे नुसतं घरी नाही. ह्यांनी बहिणीशी बोलणं करून ठेवलं होतं, की नोकरी कायम झाली तर मी लग्नाचा विषय काढणार नाही. नाही झाली तर छत्रीवाल्याचं स्थळ पक्कं. छत्रीवाला माणूस वाईट नव्हता हो. पण बघायला आला तो दीड तास छत्रीच्या काड्यांवरच बोलला. वन्संनी विचारलं, "आणखी कशाची आवड?" तर म्हणाला, "दांडे."

तर वन्संनी तपासनिसासाठी असा धडा निवडला, की बर्फ पाण्यावर का तरंगतो. मी म्हटलं, "यात शिकवण्यासारखं काय? तरंगतो म्हणून तरंगतो."

"वहिनी, नीट विचार करा. बाकी बहुतेक वस्तू थंड होऊन घट्ट झाल्या की जड होतात. पातळ मेणात घट्ट मेणाचा खडा टाका, तळाला जातो. मग पाण्यात बर्फ का नाही जात?"

मी नीट विचार केला. डोकं दुखलं, म्हणून सोडून दिला.

वन्संनी सुताराकडून लाकडाच्या लाल गोळ्या करून आणल्या होत्या, लिंबाएवढ्या, प्रत्येकीला चार भोकं. आणि बारीक काड्या. टेबलावर सगळं ओतून म्हणाल्या, "हा बर्फ."

"हा?"

"म्हणजे आतून असा असतो. एक गोळी म्हणजे पाण्याचा एक कण. प्रत्येक कणाला चार काड्या, चार शेजारी. हे चित्र बघून जोडायचं. तुमच्या हाताला वळण आहे, तुम्ही करा. मला वह्या तपासायच्यात." आणि सटासट चार शिंका. भर उन्हाळ्यात त्यांना अशी सर्दी झाली होती की नाकाचा नुसता शोभेला उपयोग.

चार दिवस मी जोडत होते. माझं माहेर गाद्या भरणाऱ्यांचं, बोटांना सवय होती. पण पूर्ण झाल्यावर लांबून बघितलं आणि काय बघते? सगळी भोकंच भोकं! सहा गोळ्यांचं एक कडं, मध्ये पोकळी. त्याच्या मागे आणखी एक कडं, परत पोकळी. एका बाजूने डोळा लावला तर आरपार पलीकडच्या भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं, सव्वाअकरा वाजलेले. आणि पिशवीत बघते तर अठ्ठावीस गोळ्या शिल्लक.

आता सांगा, माझ्यासारखीने काय समजायचं? आमच्या वडिलांचा नियम होता. गादी भरून झाली की ते काठीचं टोक खुपसून बघायचे. कुठे मऊ लागलं, पोकळ लागलं, की सगळी उसवायला लावायचे. म्हणायचे, "पोकळी ठेवलीस तर गिऱ्हाईक रात्री तिच्यात पडेल आणि सकाळी सापडणार नाही." खरंच एक गिऱ्हाईक सापडलं नव्हतं. तीन दिवसांनी उशीच्या बाजूने बाहेर आलं.

घरी मी वन्संना म्हटलं, "गोळ्या उरल्यात."

"उरू देत." डोक्यावर चादर घेऊन वाफ घेत होत्या.

"अठ्ठावीस आहेत."

"सुताराने तडकतील म्हणून जास्तीच्या दिल्यात," असं त्या बोलल्या असत्या तर पुढचं काही घडलंच नसतं. पण त्या शिंकल्या, आणि शिंकून झाल्यावर मोठ्या बाईंचा निरोप आला, तो वाचत बसल्या. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. निरोप होता, तपासनीस परवा येणार.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी सगळ्या पोकळ्या भरल्या. एकेक गोळी दाबून, फिरवून, मागून गोंद लावून. मग फळ्याची काठी घेऊन टोकरून बघितलं. कुठे म्हणून टोक आत जाईना. वडील असते तर पाठ थोपटली असती. वर स्वच्छ चादर घातली, धूळ नको म्हणून. तपासनिसांसमोरच उघडायचं असं वन्संनी आधीच सांगितलं होतं.

त्याच दमात मी कपाटही धुऊन काढलं. दोन पांढरे डबे होते, एकात प्रयोगाचं शुद्ध पाणी, एकात दिव्याचं स्पिरिट. इतके घासले, इतके घासले की वरच्या चिठ्ठ्या गेल्या. पण मला पाठ होतं, डावीकडचा पाण्याचा. फक्त पुसून परत ठेवताना डावं कोणतं धरायचं, कपाटाचं की माझं, एवढाच प्रश्न राहिला.

आणि परवा येणारे तपासनीस त्याच दुपारी आले.

माणूस लांबलचक, काळा कोट, त्या उन्हात गळ्यापर्यंत गुंड्या. भुवया इतक्या जाड की त्यात पेन्सिल खोचलेली होती. मोठ्या बाई त्यांच्यामागून लाटेसारख्या आत आल्या आणि माझ्या कानात फुसफुसल्या, "बर्फ कुठाय?"

मी धावले. बर्फवाल्याकडून निघताना गोणपाटात गुंडाळलेली लादी माझ्या कमरेपर्यंत होती. फाटकाशी पोचले तेव्हा उशीएवढी. जिना चढून वर आले तेव्हा साबणाच्या वड्यांएवढे पाच तुकडे. आणि वन्सं म्हणतात, "अहो, बरणीत पाणी ओता, अर्ध्यापर्यंत. लवकर!" मी डावीकडचा डबा उचलला आणि ओतला.

बाकांवर चौदा मुली. पुढच्या बाकावर शंका बसलेली. तिचं खरं नाव हजेरीत होतं, पण तिला सगळे शंकाच म्हणायचे.

वन्संनी झोकात सुरुवात केली. "पाणी गोठतं तेव्हा त्याचे कण मोकळी रचना करतात. त्यामुळे बर्फ पाण्यापेक्षा हलका होतो आणि पाण्यावर..." त्यांनी चिमट्याने तुकडा अलगद सोडला.

टक्.

बर्फ तळाला जाऊन बसला.

वन्सं बरणीकडे बघतायत, बर्फ वन्संकडे बघतोय. त्यांनी दुसरा तुकडा सोडला. टक्. पहिल्याच्या शेजारी.

"बुडाला," तपासनीस म्हणाले.

"बुडाला," मोठ्या बाई म्हणाल्या, जणू कुणीतरी वारल्याचं कळलं.

"बाई, तरंगणार होता ना?" शंका.

"तरंगतो. म्हणजे... तरंगायलाच हवा." वन्संच्या कपाळावर घाम. त्यांनी बरणी या बाजूने बघितली, त्या बाजूने बघितली. आत बर्फाभोवती पाकासारख्या रेषा वळवळत होत्या. पाण्यात अशा रेषा मी कधी बघितल्या नव्हत्या. वास म्हणाल तर त्या खोलीला दिव्यांमुळे बारा महिने स्पिरिटचाच वास, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटेना, आणि वन्संचं नाक तर बंदच.

"कारण?" तपासनिसांनी भुवईतून पेन्सिल काढली.

"मी... ही रचना दाखवते." वन्संनी चादर ओढली.

गच्च भरलेला लाल गोळा. कुठे बोट शिरायला जागा नाही. वन्संनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. तसं बघणं देव करो आणि कुणाच्या वाट्याला न येवो.

शंकाने हात वर केला. "बाई, तुम्ही म्हणालात मोकळी रचना. यात तर पोकळीच नाही. म्हणून बुडाला का?"

आणि तिथे माझ्या डोक्यात लख्ख पडलं. हे माझ्याच हातून झालंय! मी रचना भरली, म्हणून बर्फ भरला, म्हणून बुडाला. आता हसताय तुम्ही, पण तिथे उभे असता तर कळलं असतं. डोळ्यांदेखत बर्फ तळाला, आणि डोळ्यांसमोर अठ्ठावीस गोळ्या मी स्वतः कोंबलेल्या. माझ्या मनात आलं, गावातल्या सगळ्या बर्फाचं असंच झालं असेल. बर्फवाल्याचा धंदा बसला असेल. थंड मुलखात नद्या तळापासून गोठत असतील आणि मासे वर उड्या मारत असतील. आणि आमच्या वन्सं छत्रीच्या दुकानात बसून काड्या मोजत असतील!

मी सांडशी उचलली आणि भरलेल्या गोळ्या उपटायला लागले.

"अहो, काय करताय?" मोठ्या बाई.

"पोकळी करतेय!"

तिकडे वन्संचंही डोकं ठिकाणावर नव्हतं. "पाणी कमी पडत असेल," असं पुटपुटत त्यांनी पिण्याच्या पाण्याचा जग उचलला आणि बरणीत ओतायला सुरुवात केली. आता रसायन शिकवणाऱ्या बाईला कळायला नको, की कमी पाण्यातही बर्फ तरंगतो? पण घाबरलं की माणूस काहीही ओततं.

मी एक गोळी उपटली. बर्फ हलला.

मी थांबले. वन्संही थांबल्या, जगमध्ये किती पाणी उरलंय ते बघायला. बर्फ थांबला.

मी दुसरी उपटली, तिसरी उपटली. वन्सं ओततायत. बर्फ तळ सोडून वर उठला.

"उठला!" सगळ्या मुली बाकांवर उभ्या.

चौथी, पाचवी, असं करत चौदावी. आणि मग ते झालं जे मी उभ्या जन्मात परत बघितलं नाही. बर्फाचे दोन तुकडे बरणीच्या बरोब्बर मध्ये येऊन थांबले. वर नाही, खाली नाही. अधांतरी. हळूहळू गोल फिरतायत, जणू कुठे जायचं ते त्यांनाही ठरवता येत नाहीये.

तपासनिसांनी कोटाची वरची गुंडी काढली. बहुतेक बावीस वर्षांत पहिल्यांदा. "हे कोणत्या पुस्तकात आहे?"

"कोणत्याच नाही," वन्सं म्हणाल्या.

"मग हे काय आहे?"

"माहीत नाही."

"कुणाला माहीत आहे?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण सांडशी माझ्या हातात होती. मी म्हटलं, "अर्ध्या गोळ्या काढल्यात, म्हणून अर्धा वर आलाय. बाकीच्या काढते."

"थांबा!" तपासनीस ओरडले. "आधी फक्त पाणी ओता. तुम्ही गोळ्यांना हात लावू नका." मग लगेच, "नाही, नाही. आधी गोळ्या काढा, पाणी ओतू नका." मी एक काढली. बर्फ जागचा हलला नाही. मी म्हटलं, ती गोळी चुकीची निघाली. त्यांनी दुसरी काढायला लावली. तरी हलला नाही. मग त्यांनी स्वतः येऊन एक उपटली, आणि नेमका बर्फ बोटभर वर गेला. का गेला ते विचारू नका, कदाचित टेबलाला धक्का लागला असेल. ते स्वतःच्या हाताकडे बघत राहिले.

"बरणी गरम का लागतेय?" शंका म्हणाली. तिने कधी येऊन हात लावला कुणास ठाऊक. "बर्फ घातलाय, तर गार पाहिजे ना?"

तेव्हा वन्संचा चेहरा बदलला. घाबरणं गेलं आणि कपाळावर एक आठी आली. ती आठी मला घरी माहीत होती. दुधाचा हिशेब चुकला असं वाटलं की यायची. त्यांनी काचेच्या नळीने बरणीतलं वरचं थोडं पाणी उचललं, एका वाटीत सोडलं, आणि काडी ओढून जवळ नेली.

पाणी पेटलं. निळं, गप्प, वाटीभर.

मोठ्या बाई मटकन खाली बसल्या, आणि खाली बाक नव्हता.

"स्पिरिट," वन्सं म्हणाल्या. मोठा श्वास घेतला, आणि आवाज पार शांत झाला. "बरणीत पाणी नव्हतं, स्पिरिट होतं. स्पिरिट बर्फापेक्षा हलकं, म्हणून बर्फ बुडाला. मी पाणी ओतलं, पाणी जड, ते खाली गेलं. बर्फ पाण्याहून हलका आणि स्पिरिटहून जड, म्हणून दोघांच्या मध्ये अडकला. आणि ही दोन्ही मिसळली की गरम होतात, म्हणून बरणी कोमट."

"स्पिरिट कुणी ओतलं?" तपासनिसांची पेन्सिल वहीवर.

मी तोंड उघडायच्या आत वन्सं म्हणाल्या, "प्रयोगशाळा माझी आहे. मीच जबाबदार."

"वन्सं!" मी. शाळेत! "खोटं कशाला बोलता? मी ओतलं. डब्यांच्या चिठ्ठ्याही मीच घासून काढल्या."

"वहिनी, तुम्ही गप्प बसा!"

"वहिनी?" तपासनीस.

"मोठ्या भावाची बायको," मोठ्या बाई जमिनीवरून म्हणाल्या.

तपासनिसांनी बराच वेळ काही लिहिलं. लिहिताना त्यांचे ओठ हलत होते आणि त्यात "निष्काळजी" असा आकार मला स्पष्ट दिसला. गेलं, मी मनात म्हटलं. छत्र्या.

मग त्यांनी पेन्सिलीने माझ्या अर्धवट उपटलेल्या लाल गोळ्याकडे बोट दाखवलं. "आणि हे काय आहे? अर्धं भरलेलं, अर्धं रिकामं. हा बर्फ म्हणायचा का?"

वन्संनी त्या रचनेभोवती एक फेरी मारली. एका बाजूला मी गोळ्या काढलेल्या, सहाकोनी भोकं मोकळी, आरपार. दुसऱ्या बाजूला अजून गच्च. त्यांनी आधी मोकळ्या बाजूत हात घातला, थेट कोपरापर्यंत. मग भरलेल्या बाजूवर टकटक केलं.

"ही बाजू बर्फ," त्या हळूहळू म्हणाल्या, जणू बोलताबोलता स्वतःच वाचत होत्या. "प्रत्येक कण चार शेजाऱ्यांना हात देऊन उभा. कुणी जवळ येत नाही, म्हणून मध्ये पोकळी. बर्फ वितळला की हात सुटतात. सुटलेले कण आसपासच्या पोकळ्यांत घुसतात. दाटी होते. तेवढ्याच जागेत जास्त कण, म्हणून पाणी जड. ही दुसरी बाजू..." माझ्याकडे बघितलं, "ही दुसरी बाजू पाणी आहे. पुस्तकात नुसता बर्फ काढतात, पाणी कुणी काढून दाखवत नाही. आमच्या मदतनीस बाईंनी दाखवलं."

मी मान डोलावली. काय दाखवलं ते मला अजून कळलेलं नव्हतं.

"म्हणजे पाणी अगदी असंच असतं?" शंका.

"असंच नाही. पाण्याचे कण एका जागी राहत नाहीत, गोंद लावलेले नसतात. पण दाटी अशी."

तपासनीस पुढे आले. त्यांनीही मोकळ्या भोकात हात घातला. बाही अडकली. काढताना कोटाची एक गुंडी आत पडली आणि शेवटपर्यंत निघाली नाही. मग त्यांनी नवी बरणी मागवली, साधं पाणी मागवलं, आधी स्वतः चाखून बघितलं, आणि उरलेला बोटाएवढा बर्फ स्वतःच्या हाताने सोडला.

तरंगला. ते खाली वाकून बर्फ पार विरघळेपर्यंत बघत राहिले. जाताना म्हणाले, "कळलं असं वाटतंय. घरी जाईपर्यंत टिकलं तर बरं."

तीन आठवडे आमच्या घरात कुणाला धड जेवण गेलं नाही. ह्यांनी तर छत्रीवाल्याला दोनदा चहाला बोलावून ठेवलं, आणि दोन्ही वेळा तो दांड्यांचे नमुने घेऊन आला.

मग पत्र आलं. वन्संनी दारातच उभ्या उभ्या फोडलं. मी पोळपाट-लाटणं टाकून धावले. त्या वाचतायत, मी त्यांच्या तोंडाकडे बघतेय, काही कळेना. हसतायत की रडतायत?

"काय?"

"कायम," त्या म्हणाल्या. आणि खाली वाचून, "शिक्षिका कायम. मदतनीस यांस मात्र ज्वालाग्राही द्रवांपासून, म्हणजे पर्यायाने प्रयोगशाळेपासून, दूर ठेवावे."

"म्हणजे मी घरी?"

"तुम्ही घरी."

आम्ही दोघी दारातच एकमेकींच्या गळ्यात पडलो. माझं काय गेलं ते संध्याकाळपर्यंत ध्यानात आलं नाही. आलं तेव्हाही फार वाईट वाटलं नाही. वन्संनी चप्पल घातली, काढली, परत घातली. कुठे जायचं होतं त्यांनाच ठाऊक नव्हतं.

हे बाहेर आले. ठरल्याप्रमाणे आता छत्रीवाल्याला नाही म्हणायला त्यांनाच जायचं होतं. टोपी घालून उभे राहिले. "जातो. पण त्याला कारण काय सांगू?"

"सांग, बर्फ बुडाला," वन्सं म्हणाल्या.

"बुडाला? मग नोकरी कशी राहिली?"

"अहो, तो नंतर तरंगला," मी म्हटलं.

"मग बुडाला का म्हणते ही?"

"आधी बुडाला, दादा. स्पिरिटमध्ये."

"बर्फाने दारू घेतली?"

"दारू नाही हो, दिव्याचं! मग मधे थांबला."

"कुठे मधे?"

वन्संनी त्यांना हाताला धरून जिन्यापर्यंत नेलं. हे तोंडातल्या तोंडात पाठ करत उतरले, "बुडाला, थांबला, तरंगला." खिडकीतून मी बघत होते. कोपऱ्यापर्यंत गेले, थबकले, टोपी काढून डोकं खाजवलं, आणि तिथूनच भर रस्त्यात ओरडले, "अगं, थांबला तो वर जाताना की खाली येताना?"